प्रसूती रजेचे पैसे कोणी द्यायचे?

प्रसूती रजा किती आठवड्यांची असावी, यावर आपण तावातावाने बोलतो. पण त्या काळातले वेतन कोण देतो आणि रजा संपल्यावर बाळ कोणाकडे राहते, हे क्वचितच विचारतो. आई झालेल्या स्त्रीची नोकरी टिकेल की नाही आणि तिचा पगार किती राहील, हे रजेच्या लांबीपेक्षा या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अधिक अवलंबून असते, असे माझे ठाम मत आहे.

अर्थतज्ज्ञ हेन्रिक क्लेवन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डेन्मार्कमधील १९८० ते २०१३ या काळातील नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. पहिले मूल होईपर्यंत स्त्री आणि पुरुष यांच्या मिळकतीची वाटचाल जवळजवळ सारखीच दिसते. त्यानंतर आईची मिळकत एकाएकी घसरते आणि पुढे अनेक वर्षांनंतरही वडिलांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे राहते. वडिलांच्या मिळकतीत मात्र काहीच फरक पडत नाही. भरपगारी रजा आणि सरकारी मदतीवर चालणारी पाळणाघरे असलेल्या देशातली ही स्थिती आहे, म्हणून ती मला अधिक अस्वस्थ करते. काही जणी नोकरी सोडतात, काही कामाचे तास कमी करतात आणि काही जणी घराशी जुळणारी, पण कमी पगाराची जागा पत्करतात.

२०२३ चे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यामागचे एक महत्त्वाचे कारण दाखवून दिले आहे. अनेक व्यवसायांत, जो रात्री-अपरात्री उपलब्ध असतो त्याला तासांच्या प्रमाणाबाहेर जास्त मोबदला मिळतो. घरात मूल आले की दोघांपैकी एकाला शाळेच्या आणि आजारपणाच्या हाकेला धावून जाता येईल असे काम घ्यावे लागते, आणि ते कोणी घ्यायचे हे बहुतेक घरांत न विचारताच ठरलेले असते.

मालकाचे मनही आधीच ठरलेले असते. शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तोडीस तोड अर्ज दिले गेले. ज्या अर्जावरून उमेदवार आई असल्याचे कळत होते, तिला कमी सक्षम ठरवून कमी पगार सुचवला गेला. वडील असलेल्या उमेदवारांचे असे नुकसान झाले नाही.

हा पूर्वग्रह असताना रजेचा सगळा भार त्याच मालकावर टाकला, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. भारतात २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली, आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली. हेतू चांगलाच होता. पण राज्य कामगार विमा योजनेत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे त्या काळातले वेतन मालकानेच द्यायचे, त्यामुळे तरुण स्त्रीला कामावर घेणे हाच लहान मालकाला खर्च वाटू लागतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात हे लाभ सामाजिक विमा किंवा सार्वजनिक निधीतून द्यावेत असे म्हटले आहे, ते याच धोक्यामुळे. असंघटित क्षेत्रातल्या असंख्य स्त्रियांपर्यंत तर हा कायदा पोहोचतच नाही.

दुसरा उपाय वडिलांच्या रजेचा. नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे केवळ वडिलांसाठी राखून ठेवले; त्यांनी ते घेतले नाहीत तर ते वाया जातात. त्याआधी मोजकेच वडील रजा घेत, नंतर काही वर्षांतच बहुसंख्य घेऊ लागले, आणि एकाने घेतली की त्याचे भाऊ व सहकारीही घेऊ लागले, असे तिथल्या अभ्यासात आढळले. आईची मिळकत एवढ्याने लगेच सावरते असा माझा दावा नाही. परंतु रजेवर पुरुषही जाऊ लागला, की मुलाखतीत केवळ बाईकडे संशयाने पाहण्याचे निमित्त निदान कमी होते.

पाळणाघराचा परिणाम त्याहून थेट आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ पासून दिवसाला पाच डॉलर शुल्कात बालसंगोपनाची सोय सुरू केली आणि लहान मुलांच्या आयांचे नोकरीतले प्रमाण स्पष्टपणे वाढले. मात्र विस्ताराच्या घाईत दर्जा सांभाळला गेला नाही अशी टीकाही झाली, आणि ती मला गंभीर वाटते, कारण जिथे मूल निर्धास्तपणे ठेवता येत नाही तिथे आई ते ठेवणार नाही. म्हणून रजेचे आणखी आठवडे मागण्याआधी आपण तिचे वेतन सार्वजनिक निधीतून मिळावे, वडिलांचा वाटा वेगळा राखलेला असावा आणि पाळणाघरांतल्या सेविकांना प्रशिक्षण व पुरेसा पगार मिळावा, हा आग्रह धरायला हवा. त्या सेविकाही बहुतांशी स्त्रियाच असतात आणि त्यांचीही मुले लहान असतात.