नरसंहार ठरायला लाख मुडदे लागत नाहीत

घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लाखभर माणसं मेल्याशिवाय नरसंहार म्हणत नाहीत, एकदा म्हटलं की संयुक्त राष्ट्रांना सैन्य पाठवावंच लागतं, आणि रोखण्याचे प्रयत्न म्हणजे नुसते कागद.’ तिन्ही वाक्यं चूक आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या १९४८च्या नरसंहारविरोधी करारात मृतांचा आकडाच नाही. करारातलं एखादं कृत्य राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक गट पूर्ण वा अंशतः संपवण्याच्या हेतूने केलं का, हे बघतात. बोस्नियातल्या स्रेब्रेनिकात १९९५ साली सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले; तो नरसंहारच ठरला. त्या हेतूने गटातली मुलं जबरदस्तीने दुसऱ्या गटात नेणं हेही कलम २ मध्ये येतं, तिथे एकही मृत्यू लागत नाही. खटले अडतात ते हेतू सिद्ध करताना.

सैन्याचं म्हणाल तर करारात तशी सक्ती नाही. ते सुरक्षा परिषदेच्या ठरावाने जातं आणि ते अडवायला पाच कायम सदस्यांपैकी एकाचा व्हेटो, म्हणजे नकाराधिकार, पुरतो. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी २००४ मध्ये सुदानच्या दार्फुर भागातल्या हिंसेला नरसंहार म्हटलं आणि त्यामुळे नवी कारवाई बंधनकारक होत नाही, हेही त्याच दमात सांगितलं. खरं बंधन हे नाव देण्याच्या आधीच सुरू होतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये सर्बियाला दोषी धरलं ते स्रेब्रेनिकातला नरसंहार रोखला नाही म्हणून: गंभीर धोका कळला, किंवा कळायला हवा होता, त्या क्षणापासून आपलं वजन वापरायलाच हवं होतं.

आता ‘नुसते कागद’. रवांडात कागद वेळेवर आला होता. ११ जानेवारी १९९४ला तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या दलाचे प्रमुख दालेर यांनी शस्त्रसाठ्यांची खबर न्यूयॉर्कच्या मुख्यालयाला कळवली. छाप्याला परवानगी मिळाली नाही. एप्रिलमध्ये कत्तल सुरू झाल्यावर सुरक्षा परिषदेने ते सुमारे २,५०० जणांचं दल २७० वर आणायचं ठरवलं. उलट केनियात निवडणुकीनंतर हजारावर माणसं मेली होती, तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांनी बोलणी रेटली आणि २८ फेब्रुवारी २००८ला अध्यक्ष किबाकी आणि विरोधी नेते ओडिंगा यांच्यात समझोता झाला. तो झाला नसता तर पुढे काय झालं असतं, हे कोण सिद्ध करणार? नालेसफाईसारखंच आहे: पाणी तुंबलं की बातमी, नाही तुंबलं की खर्च फुकट.

मॅसेडोनियात तर हिंसा भडकण्याआधीच, १९९३ पासून, संयुक्त राष्ट्रांचे साधारण हजार सैनिक सीमेवर होते. फेब्रुवारी १९९९मध्ये चीनच्या व्हेटोने ते दल गुंडाळलं गेलं. महिनाभर आधी मॅसेडोनियाने तैवानशी संबंध जोडले होते.