डिझेल दिसलं म्हणजे इंजिन बदललं, असं नाही

जुन्या गाड्यांच्या गटांत एक मजकूर सारखा फिरतो: ‘जुन्या ब्रिटिश गाड्या कारखान्यातून फक्त पेट्रोलवर निघत. बॉनेटखाली डिझेल दिसलं की इंजिन बदललेलं समजा. टकटक आवाज आणि काळा धूर एवढी खूण पुरे. खात्री हवी तर आरसी बुक बघा. बाकी गाडी मूळचीच राहते.’ यातलं एकही वाक्य टिकत नाही, आणि त्यावर विसंबून लोक अस्सल डिझेल गाड्यांतून इंजिन उपसून पेट्रोल बसवतात, ते फार वाईट आहे.

‘फक्त पेट्रोल’ हे तर सपशेल चूक. स्टँडर्ड व्हॅन्गार्ड 1954 मध्येच डिझेलवर मिळत होती, इंजिन 2092 सीसी. लंडनची ऑस्टिन एफएक्स3 टॅक्सी त्याच वर्षी डिझेलवर आली. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 6 आणि ऑस्टिन ए60 यांना कारखान्यातूनच 1489 सीसीचं डिझेल मिळे. लँड रोव्हरने 1956 मध्ये व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 86 वरून 88 आणि 107 वरून 109 इंच केला, तो येणाऱ्या डिझेल इंजिनाला जागा व्हावी म्हणूनच. ते 2052 सीसीचं इंजिन 1957 मध्ये आलं.

आवाजाने काहीच ठरत नाही. तेच इंजिन कारखान्यात बसवलेलं असो की गॅरेजमध्ये, वाजणार सारखंच. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त जातंय: पंप वाढवून ठेवलाय, नोझल टपकतंय किंवा एअर फिल्टर चोंदलाय.

खरी ओळख नंबरात असते. सीरिज 2ए लँड रोव्हर घ्या. तिचं 2286 सीसीचं पेट्रोल आणि डिझेल इंजिन एकाच घराण्यातलं. फाउंडेशन (चेसिसवर इंजिन बसतं ती जागा) तेच, गिअरबॉक्स तसाच जुळतो. अदलाबदल केली तर कुठे कापल्याची किंवा वेल्डिंगची खूण राहत नाही. पण ब्रिटनमध्ये विकलेल्या 88 इंची गाडीचा चेसिस नंबर पेट्रोल असेल तर 241 ने सुरू होतो, डिझेल असेल तर 271 ने. चेसिसवर 241 आणि इंजिनावर 271 दिसलं, तर गाडी पेट्रोलवर जन्मली, हे नक्की. चेसिस नंबरची पाटी रिव्हेट तोडून बदलता येते, म्हणून पुढच्या उजव्या पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) शॅकलजवळ, म्हणजे पाटा चेसिसला जोडणाऱ्या कडीजवळ, चेसिसवर ठोकलेला नंबर वायर ब्रशने घासून वाचा. त्यानंतर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून उत्पादन नोंदीचा दाखला मागवा. नोंद झालेली असेल तर त्यात मूळ इंजिन नंबर मिळतो.

आरसी बुक आजची नोंद सांगतं, गाडीचा जन्म नाही. आपल्याकडे तर आणखी घोळ. मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज 3 वरून आलेल्या अ‍ॅम्बेसेडरचं पेट्रोल इंजिनही 1489 सीसीचं आणि डिझेलही 1489 चंच. सीसी बघून काय कळणार?

परकं इंजिन, म्हणजे दुसऱ्याच कंपनीचं, जसं लँड रोव्हरमध्ये पर्किन्स 4.203 असेल (4 सिलिंडर, 203 घन इंच), तर खुणा लपत नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अ‍ॅडॅप्टर प्लेट, चेसिसवर नव्या वेल्डिंगचं फाउंडेशन, पुढे सरकवलेला रेडिएटर, वजनाने बसलेले पुढचे पाटे. पेट्रोल इंजिनाला ठिणगीसाठी कॉइल लागते, डिझेलला नाही, म्हणून कॉइलच्या पट्टीची रिकामी भोकंही शोधा. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रिटर्न पाइप बघा: कारखान्याच्या डिझेलमध्ये तो पद्धतशीर टाकीत जातो, गॅरेजवाले बऱ्याचदा टाकीच्या तोंडाच्या नळीला डाग देऊन जोडतात. चोकच्या जागी इंजिन बंद करायची वायर असणं ही मात्र कच्ची खूण, कारण कारखान्याच्या डिझेललाही तशी मूठ असते.

‘बाकी गाडी मूळचीच’ हेही खरं नाही. कारखान्याच्या किंवा शेतीच्या यंत्रावरून काढलेलं इंजिन मिनिटाला 2600 फेऱ्यांना बांधलेलं असेल, तर लँड रोव्हरच्या 4.7 च्या पिनियनवर (चाकांच्या एका फेरीला शाफ्टच्या 4.7 फेऱ्या) आणि 6.00-16 टायरवर गाडी ताशी सुमारे 65 किलोमीटरला अडते. म्हणून रेंज रोव्हरचं 3.54 चं पिनियन घालतात. बॅटरी आणि सेल्फची केबल जाड करावी लागते, नाहीतर हीटर प्लग तापूनही सेल्फ रडत फिरतो.

सगळ्यात धोक्याचा मुद्दा ब्रेकचा. डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) सहसा कामापुरता व्हॅक्यूम तयार होत नाही, त्यामुळे सर्व्हो (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणारा डबा) असलेल्या गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं नाही, तर ती गाडी रस्त्यावर काढू नका.