विजेची क्लिप आणि बाकीचा आफ्रिका

केपटाऊन विद्यापीठातल्या एका सभेची क्लिप 2016 च्या ऑक्टोबरपासून फिरते आहे. एक विद्यार्थिनी म्हणते, विज्ञान पाश्चात्त्यांचं, ते पुसून टाका आणि नव्याने सुरुवात करा. ती पुढे म्हणते, दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताळ प्रांतात जादूटोण्याने माणसावर वीज पाडता येते असं लोक मानतात, ते विज्ञानाने समजावून सांगा. परवा ती क्लिप आमच्या ग्रुपवर पुन्हा आली, आता खाली मराठी मजकूर जोडून: "आफ्रिकेला लिहिता येत नव्हतं, म्हणून इतिहास नाही. शोध एकही नाही. आता त्यांचे प्राध्यापक देशी ज्ञानाच्या नावाखाली विज्ञान हाकलून लावताहेत आणि उलट प्रश्न विचारायची कोणाची टाप नाही." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

मुलीचं विजेबद्दलचं म्हणणं चूकच आहे, तिची वकिली मला करायची नाही. खालच्या मजकुराचं काय?

"लिहिता येत नव्हतं." हे वाक्य जुनं आणि चांगल्या घरचं आहे. ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर 1963 मध्ये म्हणाले होते की आफ्रिकेत इतिहास आहे तो युरोपीयांचाच, बाकी बहुतेक अंधार. त्या अंधारात चौथ्या शतकातला अक्सुमचा (आजच्या इथिओपियातला) राजा एझाना गीझ या तिथल्या जुन्या भाषेत शिलालेख कोरून घेत होता. आजच्या मालीतल्या टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा यांना मोरोक्कोच्या फौजेने 1594 च्या सुमारास कैद करून माराकेशला नेलं. तिथे त्यांनी सुलतानाला सुनावलं असं सांगतात, की आमच्या नातलगांत माझंच ग्रंथालय सर्वांत लहान, तरी तुमच्या शिपायांनी माझे 1600 ग्रंथ नेले. 2012 मध्ये जिहादींनी टिंबक्टू घेतलं, तेव्हा तिथल्या घराण्यांनी जपलेली हस्तलिखितं लोकांनी पत्र्याच्या पेट्यांत घालून गाढवगाड्या, मोटारी आणि होड्यांनी राजधानी बामाकोला पळवली. कोणी म्हणेल, त्या हस्तलिखितांची लिपी अरबी, म्हणजे उसनी. मग रोमन अक्षरांचं मूळ फिनिशियात आहे, म्हणून इंग्रजांनाही लिहिता येत नव्हतं म्हणायचं का?

आणि इतिहास मिळाला तेव्हा तो लपवलाही गेला. ग्रेट झिम्बाब्वेच्या दगडी भिंती आफ्रिकी लोकांनीच बांधल्या, हे पुरातत्त्वज्ञ रँडल-मॅकआयव्हर यांनी 1905 मध्ये आणि गर्ट्रूड केटन-थॉम्प्सन यांनी 1929 मध्ये उत्खननावरून सांगितलं होतं. तरीही ऱ्होडेशियाच्या (म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारला 1970 च्या दशकातही ते पचत नव्हतं.

"शोध एकही नाही." 1706 मध्ये बॉस्टनचे धर्मोपदेशक कॉटन मॅदर यांना त्यांच्या अनुयायांनी आफ्रिकेतून आणलेला एक गुलाम भेट दिला. मॅदरनी त्याचं नाव ठेवलं ओनेसिमस. तुला देवी आल्या होत्या का, असं विचारल्यावर तो म्हणाला, हो आणि नाही. आमच्याकडे रोग्याच्या फोडातला पू निरोग्याच्या कातडीत घालतात, मग थोडा ताप येतो आणि पुढे देवी येत नाहीत. त्याने दंडावरचा व्रण दाखवला. 1721 मध्ये बॉस्टनमध्ये देवीची साथ पेटली. सुमारे 6,000 लोकांना लागण झाली, 844 मेले. डॉक्टर बॉयल्स्टन यांनी ज्या सुमारे 240 जणांना टोचलं त्यांपैकी 6 दगावले. म्हणजे शेकडा 14 विरुद्ध अडीच. हे आकडे आज वैद्यकाच्या इतिहासात मानाने सांगितले जातात, हा उपाय सांगणाऱ्या ओनेसिमसचं नाव मात्र बऱ्याचदा गळतं.

आता "विज्ञान हाकलून लावताहेत". इथे थांबायला हवं, कारण मजकूर लिहिणाऱ्याने आफ्रिकेतल्या या प्राध्यापकांचं एक पानही उघडलेलं दिसत नाही. बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हुंतोंजी घ्या. आख्ख्या जमातीचं मिळून एकच तत्त्वज्ञान असतं, या कल्पनेवर त्यांनी 1970 च्या दशकात कोरडे ओढले. ती कल्पना ठसवली होती प्लासिड टेम्पल्स या बेल्जियन मिशनऱ्याने, हे विसरू नका. हुंतोंजींची खरी तक्रार वेगळी होती: कापूस इथून जायचा आणि कापड तिकडून यायचं, तसंच ज्ञानाचं झालंय. माहिती आफ्रिकेत गोळा होते, सिद्धांत युरोपात शिवले जातात. कापसाचा हा हिशेब मराठी माणसाला वेगळा समजावून सांगायला नको. घानाचे क्वासी विरेदू यांची कसोटी तर फारच साधी: तत्त्वज्ञानातला प्रश्न आपल्या अकान भाषेत मांडून बघा, तो तिथेही प्रश्न राहतो का? काही राहतात, काही विरघळतात. यात हाकलणं कुठे आलं?

देशी ज्ञानाचा झगडा बहुतेक वेळा मालकीचा असतो. कलहारीतले सान शिकारी लांबच्या शिकारीत भूक मारायला हूडिया नावाचं निवडुंगासारखं झुडूप चघळत. दक्षिण आफ्रिकेच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने 1990 च्या दशकात त्यातल्या घटकांचं पेटंट घेतलं, सान लोकांना न विचारता. बोभाटा झाल्यावर 2003 मध्ये वाटणीचा करार झाला. औषध बाजारात आलंच नाही, त्यामुळे वाटणीही जेमतेम. (गंमत म्हणजे 1997 मध्ये हळदीवरचं अमेरिकन पेटंट रद्द करवणारी आपली संस्थाही सीएसआयआरच, आणि तिचे तेव्हाचे प्रमुख गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर. नाव एक, बाजू उलट.)

एक गोष्ट मान्य करतो. दक्षिण आफ्रिकेचे राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या काळात एड्सच्या औषधांबद्दल संशय पेरला गेला, आरोग्यमंत्री बीट, लसूण आणि लिंबू सांगत बसल्या, आणि माणसं हकनाक मेली. पण एचआयव्हीमुळे एड्स होत नाही हे खूळ एम्बेकींनी कोणा वैदूकडून नाही, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ पीटर ड्यूसबर्ग यांच्यासारख्यांकडून उचललं होतं. औषधांसाठी सरकारला कोर्टात खेचलं ते दक्षिण आफ्रिकेतल्याच रुग्णांनी आणि कार्यकर्त्यांनी.

उलट प्रश्नाचं म्हणाल, तर नायजेरियाचे तत्त्वज्ञ ओलुफेमी ताइवो यांनी 2022 मध्ये "वसाहतमुक्ती" (विचारांवरचा वसाहतीचा पगडा उतरवणं) या शब्दाच्याच उधळपट्टीविरुद्ध पुस्तक लिहिलं. केनियाचे तत्त्वज्ञ ओडेरा ओरुका तर गावोगावच्या जाणत्यांकडे गेले आणि स्वतःच्याच परंपरेला प्रश्न विचारणारे कोण ते शोधत बसले.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं नाही. फक्त ओनेसिमसची गोष्ट टाकली. अर्ध्या तासाने एकाने विचारलं, "हे खरंय का?" मग कोणीतरी सुप्रभात टाकलं.