मत बाईंना दिलं होतं, त्यांच्या नवऱ्याला नाही

डोकं फिरलंय अगदी! आमच्या गल्लीतलं ड्रेनेजचं चेंबर तुंबलंय, घाण पाणी ओट्याला लागलंय. पार्षदबाईंना, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या नगरसेविकेला, फोन लावला, तर उचलला त्यांच्या नवऱ्याने. "मैडम बिज़ी हैं, मुझे बताइए." म्हटलं, मला त्यांच्याशीच बोलायचंय. तर म्हणतो, "एक ही बात है, भाभीजी."

एकच कशी? 2022 च्या जुलैत आम्ही इंदूरवाल्यांनी दोन मतं दिली, एक महापौरासाठी, एक पार्षदासाठी. मशीनवर नाव बाईंचं होतं, शपथ बाईंनी घेतली. ह्या माणसाला कोणी निवडलंय?

त्यांच्या कार्यालयात गेले, तर खुर्चीत हाच. माझ्यापुढे एका मुलाला रहिवासी दाखला हवा होता. ह्याने ड्रॉवर उघडला, लेटरहेडचा गठ्ठा काढला. कोऱ्या कागदांवर खाली बाईंची सही आधीच मारलेली! वर ह्याने मजकूर लिहिला, शिक्का ठोकला, झालं. अहो, ती सही आम्ही तिला दिलेली सत्ता आहे! ती ड्रॉवरमध्ये गठ्ठ्याने पडून राहते?

74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, तेव्हा पालिकांत निदान एक तृतीयांश जागा बायकांसाठी राखल्या गेल्या. मध्य प्रदेशात तर त्या निम्म्या आहेत. इंदूरचे वॉर्ड 85, म्हणजे हिशेब करा. पण सोडतीत वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला, की जो पुढारी पाच वर्षं तिकिटावर डोळा ठेवून बसलेला असतो, तो बायकोचा फॉर्म भरून मोकळा होतो. पक्षही खुशाल तिकीट देतात, त्यांना सगळं ठाऊक असतं. आणि ह्याला नावसुद्धा आहे, पार्षदपती! लोक नमस्कार करून म्हणतात, "पार्षदपतीजी, ज़रा देख लीजिए." असं कुठलं पद कायद्यात आहे, दाखवा मला.

सर्वांत जास्त राग आपल्याच लोकांचा येतो. शेजारचे काका म्हणाले, "तुला कामाशी मतलब ना? बाईला काय कळतंय त्यातलं?" काका, ह्याच इंदूरने सुमित्राताई महाजनांना 1989 पासून सलग आठ वेळा लोकसभेत पाठवलं, त्या लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. तेव्हा तुम्हीच "आपल्या ताई" म्हणून मिरवत होतात ना? मग वॉर्डातल्या बाईला चेंबर कळणार नाही? तिला विचारलंय कधी कुणी? आपणच प्रत्येक अर्ज नवऱ्याच्या हातात देतो, मग ती शिकणार कुठे आणि बोलणार कधी?

मी अर्ज त्याच्या हाती दिलेला नाही. गल्लीतल्या बायकांच्या सह्या घेतेय, आम्ही सगळ्या मिळून बाईंच्या घरी जाणार आहोत. अर्ज त्यांच्याच हातात देणार, चेंबर कधी साफ होणार हे त्यांच्याच तोंडून ऐकणार आणि पोचही समोर बसून त्यांच्याच सहीची घेणार. नवरा मधे बोलला, तर त्याला बाहेर बसायला सांगणार.