‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं’ म्हणणाऱ्या वाचकास

प्रत्येक गोष्टीला सरकारी परवाना लागणारं परमिटराज उठलं, 1991 ला अर्थव्यवस्था खुली झाली आणि साध्या माणसाची सुटका झाली, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर ‘एक सोलापूरकर’ अशी सही करून एका वाचकानं प्रतिक्रिया दिली : ‘एसीत बसून लिहिणं सोपं असतं. 91 नं गिरण्या मारल्या, सुताच्या भावानं यंत्रमागवाले होरपळले, विडी वळणाऱ्या बायकांना काही मिळालं नाही, शाळेची फी परवडेना.’

सोलापूरकर, मतभेदाला माझी ना नाही. पण एसी? माझे वडील सोलापुरातल्याच एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, आई घरी विड्या वळायची. दोन खोल्या पक्क्या करायच्या म्हणून वडिलांनी सिमेंटच्या परमिटसाठी घातलेले खेटे मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिलेत. साहेब जेवायला गेलेत. अर्ज वर पाठवलाय. पुढच्या आठवड्यात या. रात्रपाळी करून आलेला माणूस त्या बाकावर बसल्या बसल्या पेंगायचा, आणि नाव पुकारलं की दचकून हात जोडायचा. शेवटी आईच्या पाटल्या मोडल्या नि पोती काळ्या बाजारातून आणली.

सिमेंटवरचं नियंत्रण 1982 ला सैल झालं, 1989 ला पुरतं उठलं. आज गवंडी सांगेल तेवढी पोती दुकानदार दारात टाकून जातो. स्कूटर आणि फोनसाठीही लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे. ते हात जोडणं तुम्हाला क्षुल्लक वाटत असेल, मला वाटत नाही.

राहिल्या गिरण्या. स्वतःला सोलापूरकर म्हणवता, तर ‘जुनी मिल’ ही इथली कापडगिरणी 1949 ला बंद पडली, 1950 ला केंद्रानं वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, वाद सुप्रीम कोर्टात गेला, एवढं तरी ठाऊक हवं. सरकार आत शिरूनही ती जगली नाही. तिला कायमचं टाळं लागलं तेव्हा 1991 कितीतरी लांब होतं.

सुताचे भाव भडकले की शहराच्या पूर्व भागातला छोटा यंत्रमागवाला आधी होरपळतो, हे मान्य. फीचा विषय वेगळा, त्यात आत्ता शिरत नाही. विडीची मजुरी तर आईच्या हातात 91 च्या आधीही तुटपुंजीच पडायची.

आणि पुढच्या वेळी माझ्या घराबद्दल बोलायचं असेल, तर खाली स्वतःचं नाव लिहा.