किल्ली खुंटीवरच असू द्या

तुमच्या वाडीत घरं किती आणि त्यांतल्या किती घरांत चूल पेटते, हे एकदा मोजून बघा. मालक डोंबिवलीला नाहीतर नालासोपाऱ्याला. दार उघडतं गणपतीला, शिमग्याला आणि फार झालं तर मे महिन्यात आंब्याला. एरवी कुलूप. आणि किल्ली? ती तुमच्या माजघरातल्या खुंटीवर, सुतळीला बांधलेली. तुम्ही भरवशाचे म्हणून तर ती तुमच्याकडे ठेवली. (माझ्याकडेही दोन आहेत, म्हणजे जे सांगतोय ते अनुभवाचं.) हा भरवसा सांभाळायचा कसा, विशेषतः रात्री साडेदहाला पोर कडेवर घेऊन एखादी बाई तुमच्या खळ्यात येऊन उभी राहिली तर, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी तिला पाणी द्या. पाण्याला कोणी नावं ठेवत नाही. चहाचा मात्र विचार करा. चहा दिला की माणूस बसतो, बसला की बोलायला लागतो, आणि एकदा ऐकलं की 'मला काही माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहत नाही. गालावर वळ दिसलाच, तर आपणच पडवीतला दिवा मालवावा. किडे फार येतात म्हणावं. मग आपला ठेवणीतला प्रश्न विचारायचा, 'काय गो, कधी इलंस?' तिचं उत्तर पुरं व्हायच्या आत दुसरा: 'आणि परत कधी जातलंस?' या दोन प्रश्नांच्या मध्ये जेवढी जागा उरते, तेवढी आपल्याकडे माहेरवाशिणीसाठी कायमची राखीव आहे.

ती रडायला लागली तर गौरीचा दाखला द्या. साक्षात देवी, पण तीसुद्धा तिसऱ्या दिवशी निघते. आल्या दिवशी कौतुक, दुसऱ्या दिवशी नैवेद्य, तिसऱ्या दिवशी पाण्याच्या वाटेला. हे भावाने बोलावं, भावजयीने नुसती मान हलवावी. म्हातारी आई काही बोलू लागली, तर तिला औषधाची वेळ झाल्याची आठवण करून द्यावी.

सरकारने गौरीच्या हिशेबात दोन दिवस वाढवले आहेत. २०१५ पासून 'सखी' नावाची केंद्रं निघाली, तिथे अशा बाईला पाच दिवसांपर्यंत राहता येतं. त्यानंतर जास्त दिवसांची सोय म्हणून शक्ती सदन, म्हणजे पूर्वीचं स्वाधार, आणि नोकरी करणारी असेल तर सखी निवास. ही सगळी नावं तुम्ही विसरलेली बरी. १८१ हा महिलांच्या मदतीचा फोन नंबर तर ऐकताच पाठ होतो, हाच त्याचा मोठा दोष. तेव्हा तो तिच्या कानावरच जाऊ देऊ नये.

ती जाणार तरी कशी, हा प्रश्न आहेच. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे पळून जाणं निम्म्याने स्वस्त झालंय, हे मान्य. पण पहाटेच्या गाडीचा कंडक्टर आपल्याच पंचक्रोशीतला असतो. देवगडहून निघालेली बाई कणकवलीला गाडी बदलून ओरोसच्या जिल्हा कचेरीत पोचते, तोवर तिची बातमी सासरी पोचून, जेवून, वामकुक्षीला आडवी झालेली असते.

आता कायद्याचं. तो आहे, पण कोणी काढून वाचत नाही तोवर त्याचा उपद्रव नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. त्याचं सतरावं कलम म्हणतं की नांदत्या घरात राहायचा बाईला हक्क आहे, मग घराच्या कागदावर तिचं नाव असो वा नसो. त्यावर एक सुंदर उतारा होता: 'घर तिच्या नवऱ्याचं कुठाय? सासऱ्याचं आहे!' हे बरीच वर्षं खपलं. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही मोडीत काढलं. घर सासरच्या नातेवाइकाच्या नावावर असलं, पण ती तिथे नांदत असली, तरी तो हक्क सांगता येतो. हा निकाल घाट उतरून आपल्या वाडीपर्यंत अजून आलेला नाही. त्याला येऊ देऊ नका.

एकोणिसावं कलम तर ऐकवत नाही. मॅजिस्ट्रेट नवऱ्यालाच घराबाहेर राहायला सांगू शकतो! (सासूला काढता येत नाही, बाईमाणसाला घराबाहेर काढायचा हुकूम या कलमात देता येत नाही. तेवढंच समाधान.) पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असंही लिहिलंय. त्यातल्या 'प्रयत्न' या शब्दावर भिस्त ठेवा. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला राहणाऱ्याला त्याचा अर्थ समजावून सांगायला नको. वकिलाला पैसे कुठून आणणार, हे तिला दोनदा विचारा. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो, हे सांगायचं तिसऱ्यांदा राहून गेलं तर चालेल.

आणि चौथं कलम घरात कोणालाच वाचू देऊ नका. मार खाणाऱ्या बाईबद्दल संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही कळवू शकतं, अगदी शेजारीसुद्धा. आणि चांगल्या हेतूने कळवलं तर त्याच्यावर कसलाही दावा लागत नाही. हे कळलं तर 'आपण कशाला भानगडीत पडा' या वाक्याचं काय होईल? तीन पिढ्या ते आपण वापरतोय, अजून एकदाही कल्हई करावी लागली नाही.

त्यापेक्षा गाव काय म्हणतं ते बघावं. तंटामुक्तीची योजना २००७ मध्ये आली, आणि तंटा मिटवायचा म्हणजे काय, ते आपल्याला न शिकवताच कळलं. भांडणात दोन माणसं असतात. त्यांतलं जे बोलतं, त्याला गप्प केलं की तंटा मिटला. चार मानकरी बसवा, नवऱ्याला 'जरा हात आवर रे' म्हणा, तिला 'तू पण तोंड आवर गो' म्हणा. वजन दोन्हीकडे सारखं पडलं पाहिजे. तरी ऐकेना, तर देवळात गाऱ्हाणं घाला: हिचो संसार सुखाचो कर रे महाराजा! बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. तिने म्हटलं की नाही, ते घंटेच्या आवाजात कोणाला ऐकू येतंय?

एवढ्यातूनही एखादी वर येते. कोर्टातून हुकूम आणते की नवऱ्याने हिच्या वेगळ्या बिऱ्हाडाचं भाडं भरावं. घाबरू नका. भाडं म्हणजे पैसे, खोली नव्हे. खोली आपल्या हातात. तारकर्लीपासून हर्णैपर्यंत घराघरात होम-स्टे निघाले आहेत. पुण्याहून आलेल्या अनोळखी जोडप्याला आधार कार्डाच्या झेरॉक्सवर समुद्र दिसणारी खोली मिळते, वर सोलकढी. हिला मात्र सांगायचं, 'एकट्या बाईला देत नाही गो, लोक काय म्हणतील, आणि उद्या तो दारू पिऊन आला तर?' म्हणजे तो दंगा करणार, म्हणून ही बाहेर. हिशेब चोख आहे.

राहता राहिली ती खुंटीवरची किल्ली. ती बाई येऊन उभी राहते तेव्हा नजर नेमकी तिथेच जाते, माझी दोनदा गेली आहे. पलीकडचं घर रिकामं. दोन खोल्या, पडवी, विहिरीला बारमाही पाणी, लाइटचं बिल चालू. मालकच दर महिन्याला फोनवर कळवळतो की वावर नसला की घराला वाळवी धरते, अधूनमधून दार उघडत जा. एक फोन करून विचारलं असतं, तर कदाचित तो 'राहू दे' म्हणालाही असता. म्हणून तर विचारू नये. विचारलं आणि तो हो म्हणाला, तर मग उरलं काय?

ती सकाळच्या गाडीने परत गेली की दुपारी निवांत ते घर उघडा. केर काढा, जळमटं झाडा, कोपऱ्यातल्या वासाला वाळवीचं औषध मारा. संध्याकाळी मुंबईला फोन लावा. तो विचारील, 'घर बरं आहे ना, काका?' सांगा, 'अगदी तू ठेवून गेलास तसं. कोणाचं पाऊलसुद्धा लागू दिलं नाही.'