शाळेचं वर्तमानपत्र आणि आपली भीती

मुलगी शाळेच्या वर्तमानपत्रात लिहिते म्हटलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "कॉलेज अ‍ॅडमिशनला उपयोग होतो का गं?" होतो. दुसरा प्रश्न तिने कॅफेटेरियाच्या कंत्राटावर लिहायला घेतलं तेव्हा आला: "कशाला त्या भानगडीत पडू देतेस तिला? उद्या शाळेचीच शिफारसपत्रं लागणार ना?" ही पोस्ट त्या दुसऱ्या प्रश्नासाठी. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही न्यू जर्सीत राहतो. इथे डिसेंबर २०२१ मध्ये कायदा झाला, की सरकारी शाळेच्या वर्तमानपत्रात काय छापायचं ते विद्यार्थी ठरवतील, पैसे शाळेचे असले तरी. बदनामी, कुणाच्या खाजगी आयुष्यात नाक खुपसणं, शाळेत गोंधळ माजेल अशी चिथावणी, अशा काही गोष्टी सोडून. मुलांची बाजू घेतली म्हणून सल्लागार शिक्षकावर कारवाईही करता येत नाही. असे कायदे अमेरिकेत सुमारे दीड डझन राज्यांतच आहेत. बाकी ठिकाणी सुप्रीम कोर्टाचा १९८८ चा हेझलवूड निकाल चालतो, म्हणजे शैक्षणिक कारण दाखवून शाळा आपल्या अंकातला मजकूर काढू शकते.

तो खटला वाचण्यासारखा आहे, कारण त्यात प्रिन्सिपल निव्वळ खलनायक नव्हता. सेंट लुइसजवळची शाळा, मे १९८३. मुलांच्या 'स्पेक्ट्रम' या अंकात दोन लेख होते. एक गरोदर राहिलेल्या तीन विद्यार्थिनींवर, दुसरा आईवडिलांच्या घटस्फोटावर. प्रिन्सिपलचं म्हणणं, नावं बदलली तरी त्या मुली ओळखू येतील. आणि एक मुलगी वडिलांबद्दल तक्रार करते आहे, तर वडिलांना विचारलं का? आक्षेप रास्तच होते. कुठल्याही धड उपसंपादकाने तो मजकूर परत पाठवला असता. याने परत पाठवला नाही. वर्ष संपत आलंय, दुरुस्तीला वेळ नाही असं म्हणून अख्खी दोन पानंच काढली. त्या पानांवरचे ज्यांच्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती ते लेखही गेले. मुलांना कळलं अंक छापून आल्यावर. कोर्टाने पाच विरुद्ध तीन मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला.

चूक दाखवली असती तर ती मुलं बातमीदारी शिकली असती. पानं कापल्यावर काय शिकणार? वर कुणीतरी कापणारा बसलाय, मग आपण कशाला डोकं लावा!

याच्या उलट कॅन्ससमधल्या पिट्सबर्गचं. तिथे १९९२ पासून विद्यार्थ्यांच्या बाजूचा कायदा आहे. २०१७ मध्ये नव्या प्रिन्सिपल नेमल्या गेल्या आणि शाळेच्या वर्तमानपत्रातली मुलं त्यांच्या पदव्या तपासायला बसली. त्यातलं एक विद्यापीठ मान्यताप्राप्त असल्याचं काही केल्या सापडेना. मुलांनी त्यांनाच फोन लावून सविस्तर विचारलं, उत्तरं जुळेनात, ३१ मार्चला बातमी छापली. चार दिवसांत बाईंनी राजीनामा दिला. ज्या गोष्टी मोठ्यांच्या निवड समितीने बघायला हव्या होत्या त्या पोरांनी बघितल्या. आपल्याकडच्या शाळेच्या वार्षिक अंकात पहिलं पान मुख्याध्यापकांच्या मनोगताला, दुसरं देणगीदारांच्या फोटोला. तिथे असं काही छापून येईल का, तुम्हीच सांगा.

आता आमच्या घरचं कॅफेटेरिया प्रकरण. जेवण वाढणाऱ्या एका मावशींनी लेकीला सांगितलं की रोज किती अन्न फेकलं जातं. मस्त वाक्य होतं, ती खूश. वर्तमानपत्राच्या संपादकाने, म्हणजे बारावीतल्या पोरीने, एवढंच विचारलं, "हे नावासकट ऑनलाइन जाणार आहे, माहितीये का त्यांना?" लेक परत विचारायला गेली. मावशींचा चेहरा पडला. नोकरी कंत्राटदाराकडची. ते वाक्य काढून टाकलं. मग 'ओप्रा' कायद्याखाली, म्हणजे इथल्या माहितीच्या अधिकाराखाली, अर्ज करून कंत्राटाची प्रत मागवली. बातमी महिनाभर उशिरा आली, पण कागदावर उभी होती. शाळेतून फोन आला, पण त्यात चुकीचं काय आहे ते कुणालाच सांगता आलं नाही. मावशींना त्या पोरींनी वाचवलं. कायद्यात त्यांच्यासाठी एक ओळही नव्हती.

म्हणून मला वरून तपासणी नको, आतली हवी. आणि आपण आईबाबांनी "गप्प बस" म्हणण्यापेक्षा "समोरच्याला विचारलंस का?" म्हणावं.

एका बाबतीत मात्र लेकीचं आणि माझं अजिबात जमत नाही. नववीत असताना एका मुलाने त्यांच्या वर्तमानपत्राला स्वतःच्या नैराश्याबद्दल नावानिशी मुलाखत दिली होती. आता तो बारावीत आहे आणि गूगलवर नाव टाकलं की तीच पहिली येते. नाव काढा म्हणतोय. लेक म्हणते, छापलेलं बदलायचं नाही, आज त्याचं काढलं तर उद्या शाळा चालवणाऱ्या बोर्डाचा मेंबर मागेल. मी म्हणते, मेंबर चाळीस वर्षांचा आहे, हा चौदाचा होता. वर्तमानपत्राची मीटिंग गुरुवारी आहे. मला बोलावलेलं नाही.